गगनबावड्याचा रस्ता आणि हँडलचा प्रश्न

रस्त्यासाठी सरळ हँडलची हायब्रिड सायकल घ्यावी की खाली वळलेल्या ड्रॉप हँडलची रोड बाईक, असे सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर भेटणारे नवे सायकलस्वार हमखास विचारतात, आणि मी त्यांना उलट विचारतो, की सलग किती तास चालवणार?

माझ्याकडे सहा वर्षे हायब्रिडच होती. पन्हाळ्यापर्यंतच्या वीसेक किलोमीटरांत तिने कधी तक्रारीला जागा दिली नाही. चढावर वेग ताशी दहा-बारा किलोमीटर असल्यामुळे वाऱ्याचा प्रश्नच नसतो, आणि गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर समोरून आले, की ताठ बैठक, रुंद हँडल आणि बोटांखाली कायम असलेला ब्रेक यांचे मोल कळते.

गगनबावड्याला मात्र जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर होतात. परतताना वाटेवरच्या कळे गावाच्या आसपास माझी करंगळी आणि अनामिका बधिर होत असत, कारण सरळ हँडलवर तळवे सतत खाली वळलेले राहतात आणि भार तळव्याच्या करंगळीकडच्या कडेवरून जाणाऱ्या नसेवर पडतो. टोकांना शिंगांसारखे बार-एंड बसवून निम्मा आराम मिळाला, पण तिथे हात असताना ब्रेक लांब राहतो. ड्रॉप हँडलवर वरची आडवी दांडी, ब्रेकच्या मुठी आणि खालचे वळण अशा तीन जागा मिळतात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते, तेवढा वेळ एकाच पकडीत काढणे मला तरी जमले नसते. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, पावसाळ्यात पश्चिमेचा वारा अंगावर घेत सपाटीवर जाताना छाती खाली नेता येणे ही चैन उरत नाही.

मग जुन्याच सायकलला ड्रॉप हँडल लावण्याचा हट्ट मी धरला. मिस्त्री म्हणाला, “हँडल बसंल ओ, पण ब्रेक-गिअरचं काय करणार?” त्याचे खरे होते: सरळ हँडलची पकडीची नळी २२.२ मिलिमीटर व्यासाची, तर ड्रॉपची २३.८, म्हणून जुने लिव्हर चढत नाहीत. नवे लिव्हर माझ्या सायकलच्या लांब भुजांच्या व्ही-ब्रेकला पुरेशी तार ओढत नाहीत. आणि हायब्रिडच्या फ्रेमची वरची नळी मुळातच लांब असल्याने मुठी आणखी पुढे जाऊन पाठ ताणली जाते. खर्चाचा हिशेब मांडल्यावर तो बेत तिथेच संपला.

शेवटी खांद्यांच्या रुंदीइतके, म्हणजे ४२ सेंटिमीटरचे, खालचे वळण फार खाली न जाणारे ड्रॉप हँडल असलेली सायकल घेतली. पन्हाळ्याचा पहिला उतार उतरताना मुठींवरून ब्रेक पुरेसा दाबला जाईना आणि मी अक्षरशः घाबरलो. खालच्या वळणातून बोटांना जोर मिळतो, हे अंगवळणी पडायला महिना गेला. हायब्रिड विकलेली नाही. कपिलतीर्थ मंडईत जायला तीच बरी पडते.