पानाचा दुसरा अर्धा

न्यूकॅसल, शनिवार, रात्री

कपाटावर सुटकेस चढवताना आज पहिल्यांदाच छताकडे नीट लक्ष गेले. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथून गिलाव्याची नक्षी, पानामागे पान अशी, तीन बाजूंनी फिरते आणि चौथ्या बाजूला एका पानाच्या मध्यावरच पार्टिशनच्या भिंतीत नाहीशी होते. उरलेले अर्धे पान शेजाऱ्याच्या खोलीत असणार. आमच्या दोन खोल्या मिळून पूर्वी एकच दिवाणखाना होता, हे मला इथे चार महिने काढल्यावर उमगले.

आम्ही राहतो ती लीझेस टेरेस ही वास्तू रिचर्ड ग्रेंजर या बांधकाम व्यावसायिकाने टॉमस ऑलिव्हर या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून १८२९ ते १८३४ या काळात उभारली. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज १८३० मध्येच वारला, तेव्हा काटेकोर बोलायचे तर तिला ‘जॉर्जियन’, म्हणजे लागोपाठच्या चार जॉर्ज राजांच्या काळातली, म्हणताना थोडी सवलत द्यावी लागते. शैली मात्र निःसंशय तीच आहे. समोरून पाहिले की ताशीव दगडाचा एकच लांबलचक राजवाडा वाटतो, मध्ये आणि टोकांना उंच उठाव, त्यांवर कोरिंथियन धाटणीचे, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले, अर्धस्तंभ. प्रत्यक्षात त्या राजवाड्याआड पहिल्यापासूनच एकमेकांना लागून वेगवेगळी बिऱ्हाडे होती, प्रत्येकाचे दार वेगळे, जिना वेगळा. बाहेरून एक आणि आतून दुसरेच, ही लबाडी पार्टिशन घालून विद्यार्थ्यांसाठी खोल्या काढणाऱ्यांनी सुरू केलेली नाही. त्यांनी ती फक्त पुढे चालवली. त्यामुळे पार्टिशनचा मला राग नाही. राग आहे तो आळसाचा, कारण भिंत चार बोटे सरकवली असती तर पान तरी पुरे राहिले असते.

खिडक्यांना मात्र सहजासहजी कोणी हात लावू शकत नाही. वास्तू ग्रेड १, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत, संरक्षित असल्याने त्यांची घडण बदलायची तर परवानगी लागते. म्हणून वर-खाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडकीच्या आत काचेची आणखी एक चौकट बसवून थंडी अडवली आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांच्या मजल्यावरच्या खिडक्या सर्वांत उंच असत आणि नोकर झोपत त्या वरच्या मजल्यावरच्या बुटक्या. माझ्या वाट्याला पाहुण्यांचा मजला आला आहे.

पलीकडेच सेंट जेम्स पार्क. बावन्न हजार प्रेक्षकांच्या या फुटबॉल मैदानाचे इतर स्टँड चढत गेले तरी आमच्या बाजूचा पूर्वेकडचा स्टँड बुटकाच राहिला, कारण तो उंचावला तर या घरांचा उजेड जातो. आज तिथे सामना होता. गोल झाला तेव्हा बाहेरची जुनी खिडकी चौकटीत खडखडली आणि शेजाऱ्याची आरोळी, मध्ये भिंत नसावी इतकी, स्वच्छ ऐकू आली.