ताट उचलणारं पीठ

दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर पातेल्यातल्या ब्रेडच्या पिठाने वरचं ताट उचललं होतं. फार नाही, एका बाजूने बोटभर. ताट स्टीलचं, चांगलं जड. आत मैदा, पाणी, मीठ आणि चिमूटभर यीस्ट. एवढ्या भांडवलावर ही मस्ती. घरात कोणी नव्हतं, नाहीतर बोलावून दाखवलं असतं. (पूर्वी दाखवलंही आहे. समोरच्याने "बरं" म्हटलं. तेव्हापासून एकटाच बघतो.)

लहानपणी मला ते फुगताना बघायचं असे. फुगलेलं नव्हे, फुगताना. ओट्यापाशी स्टूल ओढायचं, ओल्या फडक्याचा कोपरा उचलायचा आणि टक लावून बसायचं. पीठ घड्याळातल्या तासकाट्याच्या जातीचं. बघत असेपर्यंत ढिम्म, आणि कोणी हाक मारली म्हणून जाऊन आलो की चांगलं वर आलेलं. ते मुद्दाम असं करतं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मग सूड म्हणून मी त्यात बोट खुपसायचो. त्यावरून बोलणीही खायचो. पुढे कळलं की जाणते लोक नेमकं हेच करतात! खळगा झटकन भरला तर अजून वेळ आहे, सावकाश आणि अर्धामुर्धा भरला तर ओव्हन तापवायला घ्या, अजिबातच भरला नाही तर गाडी गेली. म्हणजे मी खोड्या काढत नव्हतो, परीक्षा घेत होतो. पण आता हे सांगायचं कोणाला?

"एक तास झाकून ठेवा" असं लिहिणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. कोणाचा तास? पीठ 25 अंशांच्या आसपास असेल तर तास-दीड तासात दुप्पट होईल. कडाक्याच्या थंडीत तेच निम्मा दिवस खाईल. फ्रिजमध्ये अख्खी रात्र काढेल, आणि चवीला उलट सरस निघेल. शिवाय गोल पातेल्यात दुप्पट म्हणजे किती, हे कोणाच्या बापाला कळत नाही. सरळ उभ्या बरणीला सुरुवातीच्या पातळीपाशी रबरबँड लावावा, हे उत्तम. मी लावत नाही. ताट उचलल्याची मजा त्यात नाही.

ब्रेड हलका झाला की सगळे यीस्टचं नाव घेतात. खरं तर यीस्टला एकही नवा बुडबुडा करता येत नाही. मळताना जी हवा पिठात कोंडली जाते, तेच बुडबुडे शेवटपर्यंत. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो आणि मग त्या बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. म्हणजे जाळी पडते ती मुळात मनगटांमुळे. पिठाचा तुकडा दोन्ही हातांनी ताणला आणि न फाटता त्यातून पलीकडचा उजेड दिसला, की थांबावं. बहुतेक जण त्याच्या कितीतरी आधी थांबतात. त्याहून वाईट म्हणजे, हाताला चिकटतं म्हणून वरून मूठभर कोरडं पीठ टाकतात, पुन्हा चिकटलं की आणखी एक मूठ. अशा वेळी मला त्यांचा हात धरावासा वाटतो. 100 ग्रॅम मैद्याला 65-70 ग्रॅम पाणी घातल्यावर ते चिकटणारच. चिकटू द्या. दहा मिनिटं झाकून ठेवून पुन्हा हात घातला, तर निम्मा चिकटपणा आपोआप गेलेला असतो.

ओव्हनमध्ये पहिल्या दहा मिनिटांत ब्रेड शेवटची उसळी घेतो. ती काचेतून बघता येते, अगदी डोळ्यांदेखत. लहानपणीची हौस तेवढ्यात भागते. गरम होऊन वायू पसरतात, थोडं पाणी वाफ होतं, आणि ऊब लागल्यामुळे यीस्टही कधी नव्हे एवढं कामाला लागतं. आतलं तापमान 55-60 अंशांच्या पुढे गेलं की ते मरतं. सगळंच्या सगळं. एका ग्रॅम कोरड्या यीस्टमध्ये अब्जावधी पेशी असतात. याच यीस्टचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांसकट अख्खा आराखडा, 1996 साली जाहीर झाला. पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये हा पहिलाच. त्यातल्या पुष्कळ जनुकांची भावंडं आपल्यातही आहेत, म्हणजे लांबचे का होईना, नातेवाईकच.

हे वाचल्यापासून ओव्हनसमोर उकिडवं बसताना जरा अवघडल्यासारखं होतं. बसतो मात्र.