तुम्ही विचारलंत म्हणून : ते पिल्लू खरंच निसटलं होतं का?

मी चित्रपटांचे ध्वनिसंकलन करते हे कळले, की इग्वाना या मोठ्या सरड्यासारख्या प्राण्याच्या त्या पिल्लाचा विषय हमखास निघतो. बीबीसीची 'प्लॅनेट अर्थ २' ही मालिका २०१६ मध्ये आली आणि तिच्या पहिल्याच भागात गॅलापागोसमधील फर्नांदिना बेटावरचा एक पाठलाग होता. नुकतेच अंड्यातून बाहेर आलेले सागरी इग्वानाचे पिल्लू किनाऱ्याकडे धावते, खडकांच्या कपारींतून रेसर जातीचे साप एकामागून एक निघतात, त्याला विळखा घालतात, आणि तरीही ते निसटते. हे खरेच घडले, की संकलकाने घडवले, असे मला विचारतात.

साप खरे होते आणि पाठलागही खरा होता. विळख्यातून पिल्लू सुटले, तेही खरे. मात्र पडद्यावर एकच वाटणारे पिल्लू प्रत्यक्षात एकच नव्हते. वेगवेगळ्या पिल्लांची दृश्ये जोडून तो पाठलाग बांधला होता, आणि निर्मात्यांनी ते उघडपणे सांगितलेही. ऐकू येणाऱ्या आवाजांबाबत तर प्रेक्षकांना बहुधा शंकाही येत नाही. कॅमेऱ्याचे भिंग शंभर मीटरवरचा प्राणी जवळ आणून दाखवते, पण मायक्रोफोनला त्याची पावले तेवढ्या अंतरावरून, तेही वाऱ्यालाटांच्या गाजेत, ऐकू येत नाहीत. म्हणून वन्यजीव माहितीपटांतली सरसर, करकर, पंखांची फडफड बहुतांशी स्टुडिओत निर्माण होते. बर्फावरच्या पावलांसाठी कॉर्नफ्लॉवर भरलेली पिशवी दाबण्याची युक्ती आमच्या व्यवसायात जुनी आहे.

ही फसवणूक आहे असे मी मानत नाही, कारण जो प्राणी जे करतो तेच त्यातून दिसते. फसवणूक कशाला म्हणावे, हे डिस्नेच्या १९५८ च्या 'व्हाइट विल्डरनेस'वरून कळते. लेमिंग हे उंदरासारखे प्राणी समुद्रात उड्या घेऊन सामूहिक आत्महत्या करतात, ही समजूत त्या चित्रपटाने जगभर रुजवली. चित्रीकरण झाले कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, जिथे समुद्रच नाही. लेमिंग बाहेरून विकत आणले होते, बर्फ पसरलेल्या फिरत्या तबकडीवर त्यांना पळवून मोठ्या स्थलांतराचा आभास निर्माण केला होता, आणि शेवटी त्यांना कड्यावरून नदीत ढकलले होते. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने १९८२ मध्ये हा प्रकार उघड केला, पण तोवर या चित्रपटाला माहितीपटाचे ऑस्कर मिळून गेले होते. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. त्यांची संख्या काही वर्षांच्या अंतराने प्रचंड वाढते, ते नव्या जागेच्या शोधात पांगतात आणि पाणी ओलांडताना त्यांतले काही बुडतात. हे वास्तव पुरेसे विलक्षण होते. प्राण्यांचा जीव घेऊन एक खोटे वर्तन त्यांच्या माथी मारले गेले, याचा मला आजही संताप येतो.

इग्वानाच्या दृश्याबद्दल माझी तक्रार निराळी आहे आणि ती माझ्याच क्षेत्रातली, म्हणजे पार्श्वसंगीताबद्दलची आहे. पिल्ले बाहेर पडण्याचा हा काळ म्हणजे सापांसाठी वर्षातली पोट भरण्याची सर्वांत मोठी संधी, हे त्या भागाच्या निवेदनात स्पष्ट सांगितले आहे. तरीही ते कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण संगीताने आधीच पिल्लाची बाजू घेतलेली असते. शब्द सापाची भूक सांगत असतात आणि वाद्ये त्याला खलनायक ठरवत असतात. अशा वेळी प्रेक्षक वाद्यांवर विश्वास ठेवतो, हे माझ्या कामात मी सतत पाहते.

मग संगीत नकोच का, असा पुढचा प्रश्न येतो. मला संगीत हवे आहे. त्याच दृश्यात एक पिल्लू जागच्या जागी निश्चल होते, कारण सापाची नजर अधू असली तरी हालचाल त्याला कळते. साप त्याला जवळजवळ स्पर्श करत पुढे सरकतो. तिथे सापाच्या चाचपडण्याला, त्याच्या भुकेला स्वतःचा सूर देता आला असता, आणि त्यामुळे पिल्लासाठी वाटणारी धडधड मुळीच कमी झाली नसती.