बिबळा: १४ पैकी ४ बाटल्या हिरव्या!

मंडळी, बिबळ्याच्या झाडाचे तुकडे बाटलीत वाढवून रोपं करायचा (टिश्यू कल्चर) माझा खटाटोप चालू आहे; मागच्या वेळी सगळ्या बाटल्या तिसऱ्या दिवशी काळ्या पडल्याचं रडगाणं गायलो होतो. या खेपेला १४ पैकी ४ बाटल्या अठराव्या दिवशीही हिरव्या आहेत. एकीत पेराशी दोन कोंब, गव्हाच्या दाण्याएवढे. काल रात्री बॅटरी घेऊन तीनदा बघून आलो. घरच्यांनी आता विचारणं सोडलंय.

बाकीच्या दहा ब्राउनिंगनेच खाल्ल्या. बिबळ्याच्या सालीला कोयता लागला की रक्तासारखा चीक येतो, त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी तांबूस होतं. बाटलीत तरी तो वेगळा काय वागणार? कापल्या टोकातून फेनॉल नावाची रसायनं झिरपतात, हवा लागली की पिंगट होतात, आणि एक्सप्लांट (बाटलीत लावलेला तुकडा) आपल्याच चिकात मरतो.

कोळसा घालून झालाय. फेनॉल शोषतो खरा, पण बीएपी हे कोंब फुटवणारं संप्रेरकही गिळतो, मग कोंब कशाच्या जोरावर फुटणार? मग पिंगटपणा रोखणाऱ्या ॲस्कॉर्बिक-सायट्रिक आम्लांकडे वळलो आणि पहिल्याच घाण्याला शेण खाल्लं. मीडियाचा (तुकड्यांच्या खाद्याचा) पीएच ५.८ ला बसवून झाल्यावर आम्लं टाकली, परत मोजलं नाही, तसंच कुकरला लावलं. आम्लात उकळलेला आगर गोठेना. एक्सप्लांट पातळ आमटीत पडल्यासारखे आडवे. मी आगरवाल्याला फोनवर चार शब्द सुनावले; दोन दिवसांनी चूक कळली तेव्हा परत फोन करून माफी मागितली. त्याचा आगर उत्तम आहे. शिवाय ॲस्कॉर्बिक उष्णतेने मोडतंच, तेव्हा आता ते ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून, मीडिया हाताला सोसेल इतका निवल्यावर. फिल्टर महाग पडतात, पण इथे काटकसर नको.

या वेळचा क्रम: कापल्याबरोबर तुकडे तासभर निर्जंतुक ॲस्कॉर्बिकच्या पाण्यात, मग चार दिवस अंधार, आणि त्या चार दिवसांत रोज ताज्या मीडियावर. एमएस हा नेहमीचा मीडिया सोडून डब्ल्यूपीएम (वुडी प्लँट मीडियम) घेतलं. ते लाकडी झाडांसाठीच बसवलेलं, अमोनियम-नायट्रेट कमी. दोन्ही बदल एकदम केले, त्यामुळे गुण नक्की कशाचा ते सांगता येत नाही. ओरडा, ऐकून घेतो.

पुढचा बेत मोठ्या झाडाच्या फांद्यांवर हेच करण्याचा होता. पण हे लिहिताना वही उघडली, तर चारही हिरव्या बाटल्या बियांपासून उगवलेल्या रोपांच्या, बीजपत्रांजवळच्या पेराच्या! फांदीवरची एकही नाही. मग फांदी कशाला हवी? आणि एकाच झाडाची शंभर रोपं करून जंगलाला काय मिळणार, एकच झाड शंभरदा. त्यापेक्षा पाच-सहा वेगवेगळ्या झाडांच्या शेंगा, प्रत्येक बाटलीवर आई-झाडाचा क्रमांक. राधानगरीकडे ओळखीच्यांच्या बांधावर तीन झाडं आहेत, तिथून सुरुवात. त्या चपट्या पंखवाल्या शेंगेचा मधला भाग फोडायला नेलकटर बरा, सिकेटरने बी चिरडतं.

मुळं फुटायचा प्रश्न अजून लांब आहे. तूर्त सातव्या बाटलीच्या काचेला आतून पांढरं काही दिसतंय. बुरशी असेल तर ती आजच बाहेर, म्हणजे उरल्या तीन.