जुने कपडे सोडून काहीही पाठवा

हरिकेन सीझन आला की पुण्याहून नाहीतर न्यू जर्सीहून कुणाचा तरी मेसेज येतोच, यंदा काही झालं तर काय पाठवू? माझं उत्तर ठरलेलंय, जुने कपडे सोडून काहीही. २०१७ च्या हार्वे वादळात आमच्या ह्यूस्टनमधे कपड्यांचे एवढे ढीग जमले की निम्मे हात ते निवडण्यातच अडकले, साड्यासुद्धा होत्या त्यात (!), आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलेलं त्यांच्याकडे कपडे ठेवायला कपाट तरी कुठे होतं.

हार्वे २५ ऑगस्टला टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ कॅटेगरी ४ (पाचपैकी चौथ्या तीव्रतेचं) म्हणून धडकलं, पण आमचा घात पावसाने केला, वादळ इथे ठाण मांडूनच बसलं. त्यात २८ तारखेला शहराच्या पश्चिमेकडच्या ॲडिक्स आणि बार्कर जलाशयांतून पाणी सोडावं लागलं, मग खाली बफेलो बायू या ओढ्याकाठची घरं बुडाली, आणि जलाशय भरल्याने वरच्या कॉलन्यांमधे फुगवटा आला. आपलं घर जलाशयाच्या हद्दीत आहे हे कित्येकांना तेव्हा कळलं!

बोटी आल्या हो, लुइझियानाहून केजन नेव्ही म्हणवणारे स्वयंसेवक स्वतःच्या बोटी घेऊन आले, झेलो ॲपवर वॉकीटॉकीसारखं बोलणं चालायचं. पण कुठल्या पत्त्यावर माणसं अजून अडकलीयत हेच नक्की कळायचं नाही. 'आजी अडकल्यात, प्लीज शेअर' हा मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय आणि आजी केव्हाच लेकीकडे पोचून जेवून झोपल्यात. म्हणून आमच्यातल्या एका ताईंनी शीट केली, पत्ता, फोन, किती जण, औषधं, आणि शेवटचं बोलणं किती वाजता झालं. हा शेवटचा कॉलम नसेल तर बाकी शीटचा काही उपयोग नाही. आणि ती भरायला बाहेरगावची माणसं घ्या, आमच्यासाठी डॅलसवाल्यांनी भरली, त्यांच्याकडे लाईट होते आणि झोपही झालेली होती.

पाणी ओसरल्यावर खरं काम. आधी पाण्याच्या खुणेसकट फोटो काढायचे इन्शुरन्ससाठी, मगच तोडफोड. इथल्या भिंती शीटरॉकच्या (जिप्समच्या बोर्डांच्या), भिजल्या की बुरशी धरतात, म्हणून पाणी चार फुटांच्या खाली असेल तर चार फुटांवर सरळ रेषा मारून कापायचं, बोर्ड चार फूट रुंद येतो आणि आडवा बसतो, नवा लावताना सांधा बरोबर जुळतो. रस्त्याकडेला ढीगही वेगवेगळे, फांद्या एकीकडे, राडारोडा एकीकडे, फ्रीज-वॉशर, टीव्ही, रंगाचे डबे सगळं वेगळं, सरमिसळ झाली की उचलायला वेळ लागतो.

पहिल्या वीकेंडला माणसं जास्त आणि हातमोजे कमी. दिवाळीपर्यंत हातमोजे पडून होते आणि माणूस मिळेना.

आणि हो, मदतीला येईल त्याचं नाव, काम आणि तास लिहून घ्या. नोंद नीट असेल तर फेमाच्या (केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेच्या) मदतीत स्थानिक सरकारला जो वाटा उचलावा लागतो त्यात हे तास धरता येतात. लोकांना वहीत सही करायचा कंटाळा, म्हणून आम्ही वही पोह्यांच्या पातेल्याशेजारी ठेवली, सही केल्याशिवाय प्लेट नाही.