जुन्या लॅपटॉपवर गेम अडखळतोय? आधी रॅमच्या पट्ट्या मोजा

गेम अडखळायला लागला की बहुतेक जण सेटिंगमध्ये जाऊन सगळं ‘लो’ करून टाकतात. त्याआधी रॅमच्या, म्हणजे चालू कामाचा डेटा ठेवणाऱ्या मेमरीच्या, किती पट्ट्या आहेत ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये ग्राफिक्स चिप आणि प्रोसेसर एकच रॅम वाटून घेतात. डीडीआर४-२४०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी डेटा पुरवते. दोन चॅनलवर (प्रोसेसरकडे डेटा नेणाऱ्या दोन वाटांवर) दोन पट्ट्या असतील तर ३८.४. त्यामुळे गेमसाठी ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ जीबीच्या दोन केव्हाही बऱ्या. मशीनची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या ‘मेमरी’ टॅबमध्ये चॅनलपुढे ‘ड्युअल’ (नव्या आवृत्तीत ‘2 x 64-bit’) दिसलं की काम झालं.

पट्टी घेताना प्रकार नीट वाचा. डीडीआर३ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर३एल १.३५ वर चालते. फक्त १.३५ देणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ घातली तर बरेचदा तो सुरूच होत नाही. दोन पट्ट्यांचा वेग वेगळा असेल, तर दोन्ही कमी वेगाने चालतात. काही लॅपटॉपमध्ये पट्टी बसवायला एकच स्लॉट असतो; तिथे हा उपाय नाही.

गेम सुरुवातीला छान चालून थोड्या वेळाने मंदावत असेल, तर दोष उष्णतेचा. पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये धुळीचा जाड थर बसतो, तो बाहेरून दिसतही नाही. चार्जर काढा, बॅटरी सोडवा, पंख्याचं पातं बोटाने धरून मगच हवा मारा, नाहीतर पंखा गरगर फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चिपवर नव्या पेस्टचा पातळ थर द्या. तरीही तापत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करा. बहुतेक इंटेल लॅपटॉपवर त्याने टर्बो (प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारी सोय) बंद होतो आणि वाचलेली वीज ग्राफिक्सच्या वाट्याला येते.

सेटिंगचा नंबर यानंतर. १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आलात की प्रत्येक फ्रेमचे (पडद्यावरच्या एका चित्राचे) पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० होतात, निम्म्याहून कमी. मग सावल्या कमी करा. त्या फार महाग पडतात. शेवटी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, ३० वर बांधून टाका. २५ आणि ४५ च्या मध्ये उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा स्थिर ३० हाताला कितीतरी बरे लागतात.