श्रेय शिमग्याचे की शाळेचे?

राजापूर तालुक्यातील एका शाळेने गेल्या वर्षी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी लोककला आणि स्थानिक इतिहास असा उपक्रम घेतला. काही रक्कम शाळेच्या निधीतून आली, काही ग्रामस्थांच्या वर्गणीतून, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सुचवलेले दप्तराविना दहा दिवस हे त्याला निमित्त झाले. हा उपक्रम पुढे चालू ठेवावा का, याविषयी शाळा व्यवस्थापन समितीला अहवाल हवा होता, आणि निवृत्त शिक्षक म्हणून ते काम माझ्याकडे आले.

माझ्या हाती आलेल्या फायलीत उपस्थितीपत्रक, मानधनाच्या पावत्या, विनियोग प्रमाणपत्र, भरपूर छायाचित्रे आणि मुलांचे अभिप्राय होते. अभिप्रायांपैकी बहुतेक ‘कार्यक्रम खूप आवडला’ या एकाच वाक्याचे होते. पैसा कुठे गेला, एवढे या कागदांवरून चोख कळते, आणि लेखापरीक्षकाला तेवढेच हवे असते. समितीचा प्रश्न मात्र वेगळा होता. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि आपल्या मुलांच्या पदरात काय पडले, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

समारोपाच्या दिवशी मृदंग वाजवणाऱ्या मुलांनी सगळ्यांची वाहवा मिळवली आणि ‘अल्पावधीत मुले मृदंग शिकली’ अशी नोंद फायलीत झाली. ज्याने कधी मृदंगावर हात बसवण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला हे पटणार नाही. चौकशी केल्यावर कळले, की ही मुले ज्या वाडीतली, तिथे नमन या कोकणी लोकनाट्याचे मंडळ आहे आणि शिमग्याच्या तालमींना ती लहानपणापासून बसत आली आहेत. मुंबई-पुण्यात एखाद्या शाळेने लोककलेचा वर्ग घेतला, तर मुलांना जे येते ते बहुधा त्या वर्गामुळेच येते असे मानता येईल. कोकणात तसे मानता येत नाही, कारण इथे नमन, जाखडी, पालखी आणि जत्रा ही शाळेच्या आधीपासून चालत आलेली शिकवणीच आहे. उपक्रमापूर्वी कोणाला काय येत होते याची नोंद नसेल, तर गावाने शिकवलेले सगळे शाळेच्या खात्यावर जमा होते.

म्हणून मी फाईल बाजूला ठेवली आणि गावाच्या रंगमंचावर ज्यांना जागा नाही, त्या मुलांना या उपक्रमातून काय मिळाले ते पाहायचे ठरवले. नमनात काय आणि दशावतारात काय, स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच रंगवतात. आता काही ठिकाणी महिलांची नमन मंडळे उभी राहिली आहेत, तरी बहुतेक मुली प्रेक्षकांतच बसतात. आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलेही याच शाळेत शिकतात आणि पालखी त्यांच्या खोपटाकडे वळत नाही. या मुलांसाठी शाळेखेरीज दुसरे दार नाही.

दशावताराचे धडे देण्यासाठी सिंधुदुर्गातून एक कलावंत आले होते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. प्रसंग ठरतो आणि संवाद उभ्या उभ्या सुचावे लागतात. आठवीतली एक मुलगी पहिल्या दिवशी खाली पाहत दोन शब्द बोलून जागेवर जाऊन बसली होती, असे तिच्या बाईंनी सांगितले. शेवटच्या दिवसाचे चित्रीकरण मी पाहिले. ती नारद झाली होती, समोर राजा झालेला मुलगा अडला आणि गप्प झाला. क्षणभर थांबून ती म्हणाली, “महाराज, आपले मौन हा होकार समजून मी निघू का?” मुलगा हसला, सावरला आणि प्रसंग पुढे गेला. समोरच्याचे ऐकणे, त्याची अडचण ओळखणे आणि भूमिका न सोडता त्याला हात देणे, एवढे सारे त्या एका वाक्यात होते. तिच्या प्रगतिपत्रकातील वर्णनात्मक नोंद म्हणते, ‘नाट्यात सहभाग घेते.’

इतिहासाच्या भागाचे मूल्यमापन त्या मानाने सोपे ठरले, कारण बाईंनी मुलांचे प्रश्न वहीत उतरवून ठेवले होते. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलेली कोकणातील कातळशिल्पे या मुलांच्या घरापासून फार दूर नाहीत. ती पाहायला बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाण्यापूर्वीचे प्रश्न ‘हे कोणी कोरले’, ‘किती जुने आहे’ असे होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून आल्यावर एकाने विचारले, की आजोबा या चित्रांवरूनच गुरे नेत होते, तर ती जपायची असतात असे त्यांना कोणी कधी सांगितले होते का. या दोन प्रकारच्या प्रश्नांमधले अंतर कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा मला अधिक विश्वासार्ह वाटते, आणि त्यासाठी एका वहीपलीकडे खर्च नाही.

एका पालकाने मला विचारले, की याचे प्रमाणपत्र दहावीच्या वाढीव गुणांसाठी चालेल का. लोककलेसाठी असे गुण मिळतात, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. मात्र प्रमाणपत्रे मोजू लागलो, की ज्यांच्या घरी कला आहे तेच पुन्हा पुढे दिसणार.

कलावंताचे म्हणणे अशा अहवालात सहसा कोणी नोंदवत नाही. मी विचारले तेव्हा त्यांनी वेळेचीच तक्रार केली. निधी उशिरा येतो आणि मार्चपूर्वी संपवावा लागतो, म्हणून कार्यशाळा जानेवारी-फेब्रुवारीत होतात. नेमक्या त्याच दिवसांत दशावतारी मंडळ्या गावोगावच्या जत्रांमध्ये रात्र रात्र उभ्या असतात. जागरण करून आलेल्या माणसाने सकाळी दहा वाजता मुलांना शिकवायचे, आणि तेही ध्वनियंत्रणेच्या भाड्यापेक्षा कमी मानधनावर! हे मला उपक्रमातले सर्वांत मोठे वैगुण्य वाटले.

उपक्रम चालू ठेवावा, असे मी लिहिले. कार्यशाळा भातलावणी आटोपल्यावर श्रावणात घ्यावी आणि मांडव व ध्वनियंत्रणेचा खर्च कमी करून तो मानधनाकडे वळवावा, या दोन्ही सूचना समितीने मान्य केल्या. कोणाला घरी काय शिकायला मिळते याची आधी नोंद करावी, या तिसऱ्या सूचनेवर एका सदस्याने हरकत घेतली, की यातून वाडीवार आणि जातवार याद्या तयार होतील. ही भीती खोटी नाही. तेव्हा वाडी किंवा आडनाव न लिहिता, ‘घरी कोण गाते, वाजवते, सोंग घेते’ एवढेच प्रत्येक मुलाला विचारून बाईंनी ते स्वतःच्या वहीत ठेवावे, असे ठरले. ती वही समितीपुढेही ठेवायची नाही. समितीला फक्त नव्याने काय आले ते सांगायचे.